आपल्या नावावर दुसऱ्याचं कर्ज तर नाही ना? क्रेडिट रिपोर्ट तपासताना सांगली-सातारकरांना पडणारे प्रश्न

आधार-पॅनची झेरॉक्स आजवर कुठेकुठे दिली, हे कुणालाच नीट आठवत नाही. सिमकार्डाचं दुकान, हप्त्यावर घेतलेला मोबाईल, बचत गटाचा अर्ज, पीकविमा, भाड्याच्या खोलीचा करार. त्यातली एखादी प्रत भलत्याच्या हाती लागली आणि तिच्यावर कर्ज उचललं गेलं, तर बहुतेकांना ते कळतं स्वतःचं गृहकर्ज नाकारलं गेल्यावर. तोवर वर्ष-दोन वर्षं गेलेली असतात. ते आधी कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर नेमकं काय करायचं, याची उत्तरं पुढे आहेत.

क्रेडिट रिपोर्ट म्हणजेच सिबिल ना?

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे आपल्या नावावरची कर्जं आणि त्यांची फेड यांची नोंदवही. बोलताना आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण असे रिपोर्ट बनवणाऱ्या, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या क्रेडिट कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनी कायद्याखाली त्या चालतात. बँका आणि वित्त कंपन्यांनी चारही ठिकाणी माहिती द्यायची असते. तरी चारही रिपोर्ट तंतोतंत जुळतीलच असं नाही. एका ठिकाणी न दिसलेलं कर्ज दुसऱ्या ठिकाणी दिसतं. म्हणून चोरीचा संशय असेल तर फक्त सिबिल पाहून थांबू नका, चारही रिपोर्ट एकाच दिवशी काढा.

रिपोर्टला पैसे पडतात का?

प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. चार कंपन्या, म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट मोफत.

कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा. पॅन, जन्मतारीख, पिनकोड आणि चालू मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो. कधीकधी जुन्या कर्जाबद्दल एखादा प्रश्नही विचारतात. वाटेत सशुल्क योजना पुढे केल्या जातात, तिथे घाई करू नका. फुकट रिपोर्टचा पर्याय त्याच पानावर असतो, बहुधा बारीक अक्षरात. ऑनलाइन जमत नसेल तर अर्ज भरून ओळखीच्या आणि पत्त्याच्या पुराव्यासह टपालानेही मागवता येतो.

मोबाईलमधल्या इतर अ‍ॅपवर ‘फ्री स्कोअर’ (कर्जफेडीवरून काढलेला गुणांक) मिळतो, पण तो बहुधा एकाच कंपनीचा आणि त्रोटक असतो. शिवाय तिथे दिलेल्या संमतीनंतर कर्ज घ्या म्हणून फोन सुरू होतात. मूळ रिपोर्टची पीडीएफ हवी, कारण पुढची तक्रार तिच्यावरच उभी राहते.

सारखा रिपोर्ट पाहिला तर स्कोअर घसरतो का?

नाही. स्वतः पाहिलेल्या रिपोर्टचा स्कोअरवर काहीच परिणाम होत नाही. कर्जाच्या अर्जासाठी बँकेने पाहिला, तर त्याची नोंद ‘एन्क्वायरी’ म्हणून उमटते आणि तिचा थोडा परिणाम होतो.

माझा स्कोअर ७८० आहे. मग तपासायची गरज काय?

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, तेव्हा ७८० चांगलाच आहे. पण चोरून घेतलेलं कर्ज पहिला हप्ता थकेपर्यंत स्कोअरला फारसा धक्का लावत नाही. काही भामटे मुद्दाम छोटं कर्ज घेतात, दोन-तीन हप्ते वेळेवर भरतात आणि मग त्याच नावावर मोठं उचलतात. त्या काळात स्कोअर जागचा हलत नाही. आकडा पाहून समाधान मानणं हीच सगळ्यात मोठी चूक. आतली पानं वाचावी लागतात.

पानं बरीच आहेत. सुरुवात कुठून करू?

शेवटाकडून, म्हणजे एन्क्वायरीपासून. कर्ज मंजूर होऊन रिपोर्टमध्ये उतरायला काही आठवडे जातात, कारण बँका ही माहिती ठरावीक अंतराने पाठवतात. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान दर पंधरवड्याला पाठवायची आहे. एन्क्वायरी मात्र अर्ज होताक्षणी उमटते, म्हणून चोरीची सगळ्यात पहिली खूण तीच. प्रत्येक ओळीत संस्थेचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि मागितलेली रक्कम असते. गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या ओळी पाहा. दोन-तीन दिवसांत पाच-सहा वेगवेगळ्या वित्त कंपन्यांकडे पर्सनल लोनची चौकशी झाली असेल आणि तुम्ही अर्जच केला नसेल, तर कुणीतरी तुमचा पॅन घेऊन दारोदार फिरतोय असं समजा.

त्यानंतर पत्ते आणि फोन नंबर. हा भाग लोक सहसा उलटून पुढे जातात, आणि पुरावा नेमका इथे सापडतो. भामट्याला ओटीपी स्वतःकडे यायला हवा असतो, म्हणून तो अर्जात स्वतःच्या ताब्यातला नंबर देतो आणि तो नंबर तुमच्या रिपोर्टमध्ये येऊन बसतो. कधीही न वापरलेला मोबाईल नंबर, अनोळखी ईमेल, कधी पाय न ठेवलेल्या शहराचा पत्ता दिसला की त्याच्या शेजारची तारीख बघा आणि त्याच सुमाराची एन्क्वायरी शोधा. दोन्ही जुळले तर संशयाला जागा उरत नाही.

मग खाती. प्रत्येक खात्यावर बोट ठेवून विचारा: हे मी घेतलं होतं का, कधी, कशासाठी? बंद खातीसुद्धा सोडू नका. शेवटी ओळखपत्रांचा भाग: पॅन एकच आहे ना, जन्मतारीख बरोबर आहे ना, आपल्याकडे नसलेला पासपोर्ट किंवा वाहन परवाना तिथे चिकटलेला नाही ना.

खात्याची एखादी नोंद कशी वाचायची ते उदाहरण देऊन सांगाल?

समजा नोंद अशी आहे: प्रकार पर्सनल लोन, मालकी वैयक्तिक, सुरू १४-०८-२०२५, मंजूर रक्कम १८,०००, सध्याची बाकी २१,३४०, थकीत २१,३४०, शेवटचा हप्ता भरल्याची तारीख कोरी.

इथे दोन गोष्टी खटकायला हव्यात. शेवटच्या हप्त्याची तारीख कोरी, म्हणजे घेतल्यापासून एकही हप्ता भरलेला नाही. खऱ्या कर्जदाराची अडचण सहसा काही हप्ते गेल्यावर सुरू होते. पहिल्याच हप्त्याला दांडी ही चोरलेल्या नावाची ठळक खूण आहे. आणि बाकी मंजूर रकमेपेक्षा जास्त, म्हणजे व्याज आणि दंड चढतोय.

खाली महिन्यांच्या चौकटी असतात. त्यातला आकडा म्हणजे हप्ता किती दिवस थकला ते. ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ म्हणजे व्यवस्थित, ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहितीच आलेली नाही. ०३०, ०६०, ०९० असा चढता जिना दिसला तर खातं बुडीताकडे चाललंय. ९० दिवसांच्या पुढे ते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत-थकीत खातं होतं.

संस्थेचं नावच ओळखीचं नाही. म्हणजे फसवणूकच का?

लगेच तसं समजू नका. अ‍ॅपवरून घेतलेलं कर्ज रिपोर्टमध्ये अ‍ॅपच्या नावाने येत नाही, त्यामागच्या वित्त कंपनीच्या नावाने येतं. दुकानातून हप्त्यावर फ्रिज घेतला तर दुकानाचं नाव कुठेच नसतं. मोबाईलच्या दुकानात एका खरेदीसाठी दोन-तीन कंपन्यांकडे विचारणा होते, त्यामुळे एकाच तारखेच्या तीन एन्क्वायऱ्या दिसतात. बँकेने थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल तर त्या कंपनीचं नाव येतं. दोन संस्थांनी मिळून एकच कर्ज दिलं असेल तर नोंदी दोन.

बँकांच्या विलीनीकरणाने आपल्या भागात बराच गोंधळ होतो. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली आणि सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. जुनं लांब मुदतीचं कर्ज नव्या बँकेच्या नावाने दिसलं तर दचकू नका. देना बँक ही बँक ऑफ बडोदामध्ये, सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियन बँकेत गेल्या, तिथेही हेच.

सोनेतारणाचंही तसंच. दागिने सोडवून पुन्हा ठेवले, नुसतं नूतनीकरण केलं, तरी नवा खाते क्रमांक पडतो. पाच वर्षांत सात-आठ सोनेतारण खाती दिसणं इकडे नवल नाही. पावत्यांशी तारखा ताडून बघा.

पत्त्यांबाबतही थोडं थांबून आठवा. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई (सोनं-चांदी गाळायच्या) व्यवसायातल्या घरांचे पत्ते तामिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत कुठलेही असू शकतात. पाटण-जावळीतून मुंबईत माथाडी कामाला गेलेल्यांचा नवी मुंबईचा पत्ता येतो, फौजेतल्या माणसाचा युनिटचा. माहेरच्या आणि सासरच्या नावाने वेगवेगळ्या नोंदी असणं हीसुद्धा चोरी नव्हे.

गावातल्याच माझ्या नावाच्या दुसऱ्या माणसाचं कर्ज माझ्या रिपोर्टमध्ये आलंय. असं होतं का?

होतं, आणि इकडे जरा जास्तच. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख १ जून लावत. त्यामुळे एकाच गावात एकाच आडनावाचे, एकाच पहिल्या नावाचे, १ जूनलाच जन्मलेले दोघे सहज सापडतात. पत्त्यात घर क्रमांक नसतो, मु. पो., तालुका, जिल्हा आणि पिनकोड, बस. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक बँकेत वेगळं. संगणक जुळणी करताना दोन माणसांच्या फायली एकत्र करून टाकतो.

ही चोरी नाही, मिसळलेली फाइल आहे, आणि तिचा उपायही वेगळा. ओळखायची खूण अशी: दुसऱ्याच्या खात्यावर हप्ते नियमित भरलेले दिसतात, पत्ता तुमच्याच गावचा असतो आणि कर्ज गावाकडच्याच एखाद्या शाखेचं असतं. अशा वेळी पोलिसांकडे धावण्याआधी त्या शाखेत जाऊन खात्यावरचा पॅन ताडून घ्या. पॅन दुसऱ्याचा निघाला तर शाखेकडून लेखी घ्या आणि क्रेडिट कंपनीकडे ‘खातं माझं नाही’ म्हणून तक्रार करा. वडिलांचं पूर्ण नाव, पॅन आणि आधारावरचं स्पेलिंग तक्रारीत स्पष्ट लिहा.

चुलतभावाच्या ट्रॅक्टरला मी जामीन होतो. तेच कर्ज माझ्या नावावर दिसतंय.

खात्याच्या मालकीचा रकाना बघा. तिथे ‘गॅरंटर’ म्हणजे जामीनदार हा इंग्रजी शब्द असेल तर नोंद बरोबर आहे. ट्रॅक्टर, ऊस वाहतुकीच्या गाड्या, सहकारी बँकेची कर्जं यात जामिनाच्या सह्या इकडे सहज होतात आणि पुढे विसरल्या जातात. मूळ कर्जदार थकला की ते जामीनदाराच्याही रिपोर्टमध्ये दिसतं आणि देणंही त्याच्यावर येतं. सही तुमची असेल तर ओळख-चोरीची तक्रार टिकणार नाही. सही तुमची नसेल, किंवा जामीन होऊनही रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं असेल, तर मात्र मूळ जामीनपत्राची प्रत मागा.

पतसंस्थेचं किंवा विकास सोसायटीचं कर्ज यात दिसतं का?

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसतात, त्यामुळे त्यांचं कर्ज बहुधा इथे दिसत नाही. सावकाराचं तर नाहीच. सोसायटीच्या पीककर्जाबाबत रिपोर्टवर विसंबून राहू नका. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ असला तरी तुमच्या नावावर बाहेर कर्ज नाही, अशी खात्री मिळत नाही.

शेतकऱ्यांनी याच्या जोडीला सातबाराही पाहावा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुठल्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढलाय का बघा. न घेतलेल्या कर्जाचा बोजा दिसला तर त्याच्यापुढचा फेरफार क्रमांक टिपून तलाठ्याकडून त्या फेरफाराची प्रत काढा. बोजा कोणत्या कागदावर चढला ते तिथे कळतं. सातबारा ऑनलाइन नुसता पाहायला फुकट आहे, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो.

बायकोच्या नावावर गटाची तीन-तीन कर्जं दिसतात. तिने एकच घेतलंय.

मायक्रोफायनान्सचं कर्ज बिगर-तारण असतं आणि गटाच्या भरवशावर मिळतं. कागद गटप्रमुखाकडे किंवा कंपनीच्या माणसाकडे गोळा होतात, अंगठा किंवा ओटीपी एकाच बैठकीत घेतला जातो. तिथेच एका अर्जाचे दोन होतात. अशी नोंद शोधायला क्रिफ हाय मार्क आणि इक्विफॅक्सचे रिपोर्ट आवर्जून काढा. गटाचं पासबुक, कर्ज कार्ड आणि रिपोर्टमधल्या तारखा शेजारी ठेवून बघा. दुसरी सही कुणाची, पैसे कोणत्या खात्यात गेले, हे कंपनीकडून लेखी मागा. गटात बोभाटा होईल म्हणून बायका गप्प बसतात आणि साप्ताहिक हप्त्यांची थकबाकी वाढत राहते. गप्प बसू नये. गटातल्या आणखी कुणाच्या नावावर असं झालं असेल तर सगळ्यांनी मिळून तक्रार केलेली जास्त वजनदार ठरते.

खात्री झाली, कर्ज माझं नाही. आज काय करू?

आधी रिपोर्टची पीडीएफ जपून ठेवा, छापील प्रत काढा आणि प्रत्येक चुकीच्या नोंदीभोवती पेनाने गोल करा. संस्थेचं नाव, खाते क्रमांकाचे दिसणारे आकडे, तारीख, रक्कम वहीत उतरवा.

मग बँकेचं स्वतःचं पासबुक भरून आणा आणि ‘एनएसीएच’ किंवा ‘एसीएच’ नावाने काही वजा होतंय का बघा. कर्जाचा हप्ता तुमच्याच खात्यातून कापायची परवानगी चोराने परस्पर दिलेली असू शकते. तसं असेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन ती परवानगी रद्द करा आणि पोच घ्या.

संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाईल नंबर चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबरापुढे ‘हा माझा नंबर नाही’ हा पर्याय निवडा. आधारच्या वेबसाइटवर गेल्या सहा महिन्यांत तुमचा आधार कधी आणि कशासाठी वापरला गेला त्याची यादी निघते. कर्जाच्या तारखेला तिथे नोंद असेल तर तीही छापून ठेवा. आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहितीपत्रक पाहा. ज्या बँकेत तुमचं खातंच नाही तिथलं व्याज दिसलं, तर तुमच्या नावाने बचत खातंही उघडलं गेलंय.

कर्ज देणाऱ्या संस्थेला काय लिहायचं?

ग्राहक सेवेला नुसता फोन करून भागत नाही. संस्थेच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकारी आणि नोडल अधिकाऱ्याचा ईमेल दिलेला असतो. त्यांना ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर साधा ठेवा:

‘आपल्या संस्थेने माझ्या नावावर दि. … रोजी रु. … चं कर्ज दिल्याची नोंद माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये आहे. मी हे कर्ज मागितलेलं नाही, घेतलेलं नाही आणि त्याची रक्कम मला मिळालेली नाही. कृपया अर्ज, केवायसीची कागदपत्रं, फोटो, करारनामा, ई-सहीची नोंद, ओटीपी गेलेला मोबाईल नंबर आणि रक्कम जमा झालेल्या खात्याचा क्रमांक व आयएफएससी कोड लेखी द्यावा. चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवावी आणि चारही क्रेडिट कंपन्यांकडील नोंद दुरुस्त करावी.’

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे रक्कम जमा झालेलं खातं. डिजिटल कर्जाचे पैसे, ठरावीक अपवाद सोडले तर, थेट कर्जदाराच्या खात्यातच जमा करायचे असा नियम आहे. खातं दुसऱ्याच्या नावावर निघालं तर संस्थेचीच चूक उघडी पडते. तुमच्याच नावाचं पण तुम्ही न उघडलेलं खातं निघालं, तर त्या बँकेकडेही वेगळी तक्रार करा, नाहीतर पुढचं कर्ज त्याच खात्यात उतरेल.

क्रेडिट कंपनीकडे तक्रार कशी नोंदवायची?

वेबसाइटवर लॉगिन करून ‘डिस्प्यूट’ म्हणजे नोंदीवरचा आक्षेप नोंदवायचा. पैसे पडत नाहीत. चुकीचं खातं, चुकीचा पत्ता, चुकीचा नंबर, चुकीची एन्क्वायरी प्रत्येक वेगळी निवडावी लागते. एकच तक्रार करून सगळं निघत नाही. लोक खातं काढून घेतात आणि चोराचा मोबाईल नंबर तसाच राहतो. मग पुढच्या एन्क्वायरीचा एसएमएस त्याच्याकडे जातो, तुमच्याकडे येत नाही. तक्रारीचा क्रमांक जपा.

क्रेडिट कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ती संस्थेला विचारते आणि संस्था ‘हो’ म्हणाली की बदलते. म्हणून संस्था आणि क्रेडिट कंपनी, दोन्हीकडे एकाच दिवशी लिहायचं. आणि ज्या ज्या रिपोर्टमध्ये नोंद आहे त्या प्रत्येक कंपनीकडे.

पोलीस ठाण्यात गेलो तर ‘सायबरला जा’ म्हणतात.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे असं सांगितलं जातं. पण तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने दाखल होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरूनही नोंदवता येते, आणि पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. ऑनलाइन पद्धतीने एफआयआरसाठी माहिती दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ती राहिली तर एफआयआर होत नाही, आणि नेमकी तीच बऱ्याच जणांची राहते.

अर्ज मराठीत चालतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-क म्हणजे ओळख-चोरी, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ६६-ड म्हणजे तोतयेगिरीने फसवणूक. भारतीय न्याय संहितेतली ३१८ आणि ३१९ कलमंही लागतात. सोबत रिपोर्ट, संस्थेला पाठवलेलं पत्र आणि असेल तर तिचं उत्तर जोडा. एफआयआरची प्रत हातात आली की ती संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवा. एरवी थंड पडलेली फाइल त्यानंतर हलते.

रक्कम छोटी आहे. भरून मोकळं झालं तर?

भरू नका. एक हप्ता जरी भरला तरी ‘कर्ज मान्य केलं’ असा अर्थ काढला जातो. ‘निम्मे भरा, मिटवून टाकू’ म्हटलं तर तेही नको. रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची बँक तो वाईटच समजते. चोरलेलं कर्ज मिटवायचं नसतं, काढून टाकायचं असतं.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना सांगून बदनाम करणं, धमकावणं हेही नियमाविरुद्ध आहे. फोन आला तर नाव, संस्था आणि कर्ज क्रमांक विचारून टिपा, तक्रारीचा क्रमांक सांगा आणि फोन ठेवा. जन्मतारीख, पॅन, ओटीपी यातलं काहीही ‘पडताळणीसाठी’ देऊ नका.

महिना झाला, काहीच हललं नाही.

हिशोब असा आहे. तक्रार आल्यापासून संस्थेला २१ दिवस, आणि सगळं मिळून ३० दिवस. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू आहे. उशीर संस्थेचा असेल तर संस्था देते, क्रेडिट कंपनीचा असेल तर ती देते, आणि तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात यायला हवेत. तक्रार नाकारली तर कारण सांगणंही बंधनकारक आहे. ‘पडताळणी केली, नोंद बरोबर आहे’ एवढंच उत्तर आलं तर कशावरून पडताळलं ते कागदांसह मागा.

तरीही उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार होते, शुल्क नाही, वकील लागत नाही. क्रेडिट कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून या योजनेत आहेत. ऑनलाइन जमत नसेल तर पत्र चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे पाठवता येतं, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी संस्थेकडे लेखी तक्रार केलेली असणं ही अट आहे, म्हणून ती पोच आणि तो ईमेल हरवू नका.

कर्ज घरातल्याच माणसाने घेतल्याचं कळलं. आता?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि त्याला सोयीचं उत्तर नाही. पुतण्याने किंवा दिराने तुमचा मोबाईल हातात घेऊन अ‍ॅपवर कर्ज काढलं असेल, तर ओटीपी तुमच्याच नंबरवर आलेला असतो, पैसे बऱ्याचदा तुमच्याच खात्यातून पुढे गेलेले असतात आणि कागदावर सगळं तुमच्याविरुद्ध दिसतं. पोलीस तक्रार करायची नसेल तर संस्थेने नोंद काढणं जवळपास अशक्य. मग उरतो एकच मार्ग: ज्याने घेतलं त्याने पूर्ण रक्कम भरायची, सेटलमेंट न करता, आणि ‘नो ड्यूज’ पत्र घ्यायचं. तक्रार करायची असेल तर उशीर करू नका. ‘बघू, भरेल तो’ म्हणत सहा महिने काढल्यावर, तुम्हाला माहीतच नव्हतं हे कुणाला पटवता येत नाही.

‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जावं का?

नको. तक्रार फुकट आहे आणि खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. हे लोक पॅन, आधार आणि ओटीपी मागतात, म्हणजे चोरीला जे लागतं तेच सगळं.

पुन्हा होऊ नये म्हणून काय?

झेरॉक्स देताना तिच्यावर छापील अक्षरांना छेदून लिहा: कशासाठी, कुणाला, कोणती तारीख. आधार जिथे चालतो तिथे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या. ती आधारच्याच वेबसाइटवरून निघते. सेवा केंद्रात व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवले असतील तर काम झाल्यावर समोर उभं राहून त्यांच्या संगणकावरून ते काढायला लावा. प्रिंटरमध्ये वाकडी आलेली प्रत तिथल्या कचऱ्यात न टाकता घरी आणा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. फक्त रेशन दुकानात अंगठा लावायच्या दिवशी ते थोड्या वेळासाठी उघडावं लागतं, नाहीतर मशीन घेत नाही.

चारही क्रेडिट कंपन्यांकडे स्वतःचा चालू मोबाईल नंबर आणि ईमेल नोंदवलेला असू द्या. कुणीही तुमचा रिपोर्ट काढला की त्याची सूचना त्यावर येते. नंबर बंद केलात तर आधी तिथे बदला, मग सिम फेका.

वर्षातून किती वेळा बघायचं?

संशय नसेल तर चार मोफत रिपोर्ट वर्षभरात वाटून घ्या: जानेवारीत सिबिल, एप्रिलमध्ये एक्सपेरियन, जुलैत इक्विफॅक्स, ऑक्टोबरमध्ये क्रिफ हाय मार्क. एकदा चोरी झालेली असेल तर नोंद निघाल्यावरही पहिलं वर्षभर दर महिन्याला बघा, मोफत कोटा संपला तर पैसे भरून. काढलेली नोंद संस्थेच्या पुढच्या माहितीबरोबर परत येऊन बसते, असं घडतं. तेव्हा जुन्या तक्रारीचा क्रमांक आणि दुरुस्त झालेला रिपोर्ट जोडून त्याच दिवशी नवा डिस्प्यूट टाका.